भगदाडाला धनी नसतो

आमच्या शाळेत एके दिवशी वरून हुकूम आला की प्रत्येक शिक्षकाने आपल्या मोबाइलवर अमुक एक ॲप उतरवून घ्यावे, रोजची हजेरी त्यावर लावावी आणि तसे केल्याचा अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवावा. हुकमांची आम्हां शाळामास्तरांना सवय आहे. आम्ही माणसे मोजतो, मतदार मोजतो, खिचडीचे तांदूळ मोजतो, आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवतो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळे माना खाली घालून बसले आणि पडद्यावर येईल त्या प्रश्नाला 'होय' म्हणत गेले. तुमचा कॅमेरा वापरू का? होय. तुम्ही कोठे आहात ते पाहू का? होय. तुमच्या ओळखीच्या माणसांची यादी वाचू का? होय. मी तेवढा दोन मिनिटे थांबलो. चहा घेऊन आलेले आमचे शिपाईकाका माझ्याजवळ उभे राहिले.

"गुरुजी, तुम्ही काहून थांबले?"

"काय काय मागते ते वाचतो आहे, काका."

"त्यात काय वाचाचं? सरकारच मांगून राहिलं ना! अन् आपल्यापाशी लपवाले हाये तरी काय?"

मी निमूटपणे 'होय' म्हटले. नोकरी आहे, घर आहे. परंतु काकांचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना. पुढे मी ते बँकेत ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकले. त्या एका वाक्यात दोन विश्वास आहेत. एक, सरकार मागते आहे म्हणजे ते वाईटासाठी नसणार. दुसरा, मी सामान्य माणूस आहे, माझ्या घरात चोराने यावे असे काही नाही. हे दोन्ही विश्वास आज निराधार झाले आहेत असे माझे म्हणणे आहे, आणि काकांना तेव्हा जे उत्तर द्यावयास हवे होते ते मी येथे देणार आहे.

उत्तरासाठी मला दिल्लीस जावे लागत नाही. ते २०१८ या एकाच सालात, आमच्या नागपुरातच, दोनदा घडून गेले आहे.

पहिली गोष्ट जूनमधली. ६ जून २०१८ रोजी पुणे पोलिसांनी नागपुरातून वकील सुरेंद्र गडलिंग आणि नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख प्राध्यापिका शोमा सेन यांना अटक केली. त्याच दिवशी दिल्लीहून रोना विल्सन यांना धरले. पुण्याच्या शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ रोजी झालेली एल्गार परिषद आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगाव येथे उसळलेला हिंसाचार, हे त्या खटल्याचे मूळ. पुराव्यातला मोठा भाग म्हणजे आरोपींच्या संगणकांत सापडलेली पत्रे. पुढे बचावपक्षाने संगणकाची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी करणाऱ्या कंपनीकडे पाठवली. तिने २०२१ मध्ये अहवाल दिले. विल्सन यांच्या संगणकात कोणी तरी बाहेरून बावीस महिने ये-जा करीत होते आणि गडलिंग यांच्या संगणकात वीस महिने. आणि ज्या पत्रांवर खटला उभा आहे ती पत्रे या चोरवाटेने आत आणून ठेवली गेली, असा त्या अहवालांचा निष्कर्ष आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही. न्यायालयानेच त्याचा निवाडा करावयाचा आहे, मी करणार नाही. परंतु मधल्या काळात काय झाले पाहा. याच खटल्यातले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच वारले. शोमा सेन यांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तो एप्रिल २०२४ मध्ये. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांनी, आणि तोही खटल्याचा निकाल लागून नव्हे.

दुसरी गोष्ट त्याच सालच्या ऑक्टोबरातली. ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या नागपूर केंद्रात काम करणाऱ्या एका तरुण अभियंत्याला अटक झाली. आरोप असा की त्याने देशाची गुपिते पाकिस्तानला दिली. फेसबुक-लिंक्डइनवर बायकांची नावे घेतलेल्या कोणी तरी त्याला परदेशातल्या नोकरीचे आमिष दाखवले होते आणि त्या निमित्ताने काही सॉफ्टवेअर त्याच्या लॅपटॉपवर उतरवावयास लावले होते. ती सॉफ्टवेअरे हेर होती. नागपूरच्या सत्र न्यायालयाने जून २०२४ मध्ये त्याला जन्मठेप दिली. डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द करून मुख्य आरोपांतून त्याला मोकळे केले आणि एक धाकटा आरोप तेवढा कायम ठेवला. तोपर्यंत त्याची तारुण्यातली सात वर्षे गेली होती.

वाचकहो, या दोन गोष्टी आमच्या गावात सहसा एकत्र सांगितल्या जात नाहीत. एकीवर हळहळणारे लोक वेगळे आणि दुसरीवर हळहळणारे वेगळे. एकाला डावे म्हणून शिव्या, दुसऱ्याला देशद्रोही म्हणून. मी त्या जवळजवळ ठेवतो, कारण दोहोंत प्रश्न एकच आहे. या माणसाच्या यंत्रात जे सापडले ते त्याने ठेवले, की दुसऱ्या कोणी? जे बाहेर गेले ते त्याने पाठवले, की दुसऱ्या कोणी नेले? हा प्रश्न पूर्वी पडत नसे. इंग्रजांनी १८९८ सालच्या टपाल कायद्यात लोकांची पत्रे अडवण्याची सोय केली होती आणि आपण २०२३ सालच्या नव्या टपाल कायद्यातही ती जपून ठेवली आहे. पण पत्र फोडणारा इंग्रज अंमलदार फार तर ते वाचून पुन्हा चिकटवी. तुमच्या कुलपातल्या कपाटात, तुमच्या दुसऱ्या पत्रांच्या गठ्ठ्यात, मागची तारीख घालून एक नवे पत्र सारून देणे त्याला साधत नसे. आज ते साधते. ज्या वाटेने शिरून वाचता येते, त्याच वाटेने शिरून लिहिताही येते. काकांनी लपवण्याची गोष्ट काढली. लपवण्यासारखे काही नसणाऱ्याच्या घरातही काही तरी सापडू शकते, हे मला त्यांना सांगावयाचे आहे.

ही वाट तयार कशी होते? सॉफ्टवेअर म्हणजे अखेर हुकमांची एक लांबलचक यादी. माणसांनी लिहिलेली, तेव्हा तीत चुका असणारच. त्यांतली कोणती चूक चोराच्या कामाची, हे कळावे म्हणून मी माझ्या ओळखीचे उदाहरण घेतो. समजा, शाळेच्या एका नोंदवहीत विद्यार्थ्याच्या नावाचा रकाना आहे आणि त्याला लागून मुख्याध्यापकांच्या शेऱ्याचा रकाना आहे. एकाने आपले नाव इतके लांब लिहिले की ते आपला रकाना ओलांडून शेऱ्याच्या रकान्यात शिरले. आणि जो भाग तेथे शिरला तो असा होता, 'यास कचेरीची किल्ली द्यावी.' लेखनिक मठ्ठ. शेऱ्याच्या रकान्यात आहे त्याअर्थी साहेबांचाच हुकूम, असे समजून त्याने किल्ली काढून दिली. संगणक हा असाच मठ्ठ आणि आज्ञाधारक लेखनिक आहे. रकाना ओलांडू देऊ नये, एवढे पाहावयाला कोणी तरी विसरले, की भिंतीला भगदाड पडले.

२०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत व्हॉट्सॲपमध्ये नेमके हेच घडले. फोन करणाऱ्याने पाठवलेला मजकूर त्याच्यासाठी राखलेल्या जागेच्या बाहेर सांडे आणि सांडलेला भाग फोन हुकूम म्हणून पाळी. ज्याला फोन यावयाचा त्याने तो उचलण्याचीही गरज नव्हती. वाजला की पुरे. सुमारे पंधरवड्यात जगभरातल्या चौदाशे फोनांवर हा प्रयोग झाला. शिरणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव पेगासस आणि ते करणारी इस्राएलातली कंपनी एनएसओ. आपला माल आपण फक्त सरकारांना आणि सरकारी यंत्रणांनाच विकतो, असे ही कंपनी स्वतःच सांगत आली आहे. व्हॉट्सॲपने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ज्यांना सावध केले त्यांत भारतातले वकील, प्राध्यापक, पत्रकार होते. बेला भाटिया होत्या, आनंद तेलतुंबडे होते, आणि आमच्या नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, जे गडलिंग यांचे सहकारी. भारतातल्या १२१ जणांच्या फोनांवर प्रयत्न झाल्याचे व्हॉट्सॲपने आपणांस कळवले होते, हे सरकारने स्वतः मान्य केले.

संसदेत सरळ प्रश्न विचारला गेला की सरकार हे करते काय. उत्तर मिळाले ते असे की कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीनेच पाळत ठेवली जाते. माझ्या वर्गातल्या पोराला 'काच तू फोडलीस का?' असे विचारले आणि तो म्हणाला, 'गुरुजी, शाळेच्या नियमांप्रमाणे काच फोडण्यास मनाई आहे,' तर मी काय समजावे?

आता मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. या विषयावर जे काही लिहिले-बोलले जाते त्यातले बहुतेक खाजगीपणावर असते, आणि ते योग्यच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपण हा मूलभूत अधिकार आहे. परंतु मला त्याहूनही साधी एक गोष्ट खुपते. सॉफ्टवेअरमध्ये भगदाड सापडले तर ते दोन प्रकारे वापरता येते. एक, ज्याचे सॉफ्टवेअर त्याला कळवावे आणि बुजवून घ्यावे. दुसरे, कोणाला न सांगता ते स्वतःच्या येण्याजाण्यासाठी राखून ठेवावे. तिसरा मार्ग नाही. आणि भगदाड राहिले तर ते एका फोनात राहत नाही. त्या जातीच्या सगळ्या फोनांत राहते. नक्षलवाद्याच्या फोनात राहते, तसेच ते पोलीस अधीक्षकाच्या फोनात राहते, माझ्या वर्गातल्या मुलीच्या फोनात राहते आणि ज्या काकांनी बँकेचे पैसे फोनवर काढावयास नुकतेच शिकून घेतले त्यांच्याही फोनात राहते.

या भगदाडांचा आज बाजार भरतो. झिरोडियम नावाच्या एका दलाल कंपनीने सप्टेंबर २०१९ मध्ये, मालकाने बोटही न लावता अँड्रॉइड फोनात शिरता येईल अशा चुकांच्या संचाला २५ लाख डॉलरपर्यंत भाव जाहीर केला होता. एवढा भाव देणारे गिऱ्हाईक कोण? मुख्यतः सरकारे. म्हणजे जे सरकार पेगाससारखा माल विकत घेते, ते केवळ एका संशयिताचा फोन ऐकण्याचे पैसे देत नाही. आपल्या सगळ्या प्रजेच्या भिंतीतले भगदाड उघडे राहावे याचे ते पैसे देत असते. विकणाऱ्याचा धंदाच मुळी ते न बुजण्यावर चालतो.

आणि भगदाडाला धनी नसतो. मी राखले म्हणून ते माझेच राहील, असे म्हणणाऱ्याने २०१७ साल आठवावे. अमेरिकेच्या हेरखात्याला मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये एक चूक सापडली होती. खात्याने ती कित्येक वर्षे मायक्रोसॉफ्टला सांगितली नाही. तिच्यावर 'इटर्नल ब्लू' नावाचे हत्यार केले. हत्यार चोरीस गेले. कंपनीने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती काढली, एप्रिलमध्ये चोरांनी ते हत्यार चव्हाट्यावर मांडले, आणि मे महिन्यात त्याच्याच जोरावर इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतले संगणक बंद पडून रोग्यांना परत पाठवावे लागले. २७ जून रोजी तेच हत्यार दुसऱ्या एका सॉफ्टवेअरवर बसून युक्रेनमधून निघाले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरात पोहोचले. जवाहरलाल नेहरू बंदरातला जो धक्का मर्स्कच्या समूहाकडे होता त्याचे संगणक बंद पडले. कोणते खोके कोठे ठेवले आहे हे कळेना, हाताने नोंदी करण्याची पाळी आली, बाहेर ट्रक खोळंबले. त्या मर्स्क कंपनीला जगभरात मिळून वीस ते तीस कोटी डॉलरांचा फटका बसला. अमेरिका आणि ब्रिटन यांनी पुढे या हल्ल्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. म्हणजे भगदाड राखले अमेरिकेने, वापरले दुसऱ्याने, युद्ध चालले तिसऱ्याच देशात, आणि ट्रक खोळंबला आपला. त्या ट्रकवाल्यापाशी तरी लपवण्यासारखे काय होते?

कोणी म्हणेल, मास्तर, हे पुस्तकी बोलणे आहे; देशाचे शत्रू फोनवर बोलतात, त्यांना धरावयाचे कसे? हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. मी नागपुरात राहतो. गडचिरोली आमच्यापासून दूर नाही. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. पोलिसांनी डोळे मिटून बसावे असे ज्याला वाटत असेल त्याने त्या घरांतून एकदा जाऊन यावे. पाळत ठेवावी लागते. परंतु पाळतीला कायदा आहे. १८८५ सालच्या तार कायद्यापासून तो होता; १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन ऐकण्यावर बंधने घातली; माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली २००९ मध्ये नियम झाले. हुकूम गृहसचिवाचा हवा, लेखी हवा, मुदतीचा हवा, आणि एका समितीने तो तपासावा. या समितीत सगळे सरकारचेच सचिव आणि न्यायाधीश एकही नाही, हे दुखणे आहेच. तरीही हा सारा खटाटोप ऐकण्याचा आहे. कोणाच्या फोनात चोरून शिरावे, तेथे मुक्काम ठोकावा, कॅमेरा चालू करावा, हवी ती फाइल ठेवावी, याची मुभा मला त्यात कोठे दिसली नाही. उलट त्याच कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमे दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगतात.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न २०२१ मध्ये गेला. राष्ट्राच्या सुरक्षेचे कारण सांगून सरकारने सविस्तर उत्तर देण्याचे नाकारले. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की सुरक्षेचे नाव घेतले म्हणून सरकारला दर वेळी मोकळे सोडता येणार नाही, आणि निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली जाणकारांची समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले. पाच फोनांत काही तरी घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच होते असे निश्चित म्हणता आले नाही. आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' एवढे एक अक्षरी उत्तर देखील देशाचे सरकार देत नाही! इकडे अमेरिकेत व्हॉट्सॲपने एनएसओवर दावा लावला. मे २०२५ मध्ये तेथल्या पंचांनी सुमारे १६ कोटी ७० लाख डॉलरांचा दंड सुनावला. ऑक्टोबरात न्यायाधीशाने तो ४० लाखांवर आणला, पण व्हॉट्सॲपच्या वाटेला पुन्हा जाण्यास एनएसओला कायमची बंदी केली. एका धनाढ्य कंपनीला परक्या कोर्टात न्याय मिळाला. ज्यांचे फोन फोडले गेले त्या आपल्या नागरिकांना आपल्या देशात साधे उत्तरही मिळाले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये याच प्रकरणाच्या सुनावणीत न्यायासनाकडून असा विचार पुढे आला की देशापाशी असे हेर-सॉफ्टवेअर असण्यात मुळात गैर काही नाही. ते कोणाविरुद्ध वापरले एवढाच प्रश्न आहे. न्यायासनाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी म्हणतो की प्रश्न एवढाच नाही. पोलिसांपाशी बंदूक असते. ती शस्त्रागारात पडून राहिली म्हणून माझ्या घराची कडी निखळत नाही. या हत्याराची जात निराळी. त्याची दारूगोळा म्हणजे माझ्याच दाराची मोडकी कडी. ती मोडकी राहील तोवरच ते हत्यार चालावयाचे. तेव्हा ते कोणावर रोखले आहे हे विचारण्याआधीच त्याने माझे नुकसान केलेले असते.

आणि विश्वासाचे काय? ऑक्टोबर २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात, व्हॉट्सॲपची बातमी फुटत होती त्याच दिवसांत, तामिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीजकेंद्राच्या संगणकांत घातक सॉफ्टवेअर शिरल्याची बोलवा उठली. केंद्राने आधी सांगितले की असे काही शक्यच नाही. दुसऱ्या दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की कचेरीच्या कामाच्या एका संगणकात ते सापडले आहे. अणुभट्टीच्या यंत्रणेला मात्र धक्का नाही. हे दुसरे विधान खरे असेलही. पण पहिल्या दिवशी खोटे ऐकलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशीच्या खऱ्यावर विश्वास कसा ठेवावा? अशा चुकांची खबर ठेवून देशाला सावध करण्याचे काम ज्या सर्ट-इन या संस्थेकडे आहे, तिला नोव्हेंबर २०२३ मध्ये माहितीच्या अधिकाराच्या कक्षेतून वगळण्यात आले. गावच्या कोतवालाने दवंडी पिटावयाची सोडून तोंडावर बोट ठेवावे, तसे हे झाले.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. पूर्वीही चोरून ऐकले जाई. फरक एवढाच की उघडकीस आले म्हणजे कोणाला तरी लाज वाटे. १९८८ मध्ये टेलिफोन चोरून ऐकल्याच्या आरोपावरून कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी खुर्ची सोडली. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरयाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले आणि त्यावरून माजलेल्या वादात पंतप्रधान चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. दोन शिपायांपायी एक सरकार गेले! आज शेकडो फोनांची गोष्ट निघते आणि एका उपसचिवाची बदलीसुद्धा होत नाही.

याचा परिणाम असा होतो की सरकारने चांगल्या हेतूने काही केले तरी लोक दचकतात. डिसेंबर २०२५ च्या आरंभी बातमी आली की देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनात 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच घालून द्यावे, असा आदेश कंपन्यांना निघाला आहे. चोरीचे फोन शोधण्याला, फसवणुकीची तक्रार करण्याला ते उपयोगी आहे. ते वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला आदेश मागे घ्यावा लागला. ती ओरड विरोधकांनी उठवली असे म्हणणे सोपे आहे. खरे कारण असे की जो मालक 'तुम्ही माझ्या घरात रात्री शिरला होता का?' या प्रश्नाचे उत्तर देत नाही, त्याने दिवसा सभ्यपणे किल्ली मागितली तरी ती देववत नाही.

आज सरकारनेच आम्हांला फोनापाशी आणून बसवले आहे. रेशन अंगठ्यावर, पगार खात्यावर, हजेरी ॲपवर, सातबारा पडद्यावर. नको म्हणण्याची सोय ठेवलेली नाही. ज्याने लोकांना एका घरात राहावयास भाग पाडले त्याच्यावर त्या घराच्या भिंती धड ठेवण्याची जबाबदारी येते. भिंती धड ठेवणे आणि एक भगदाड चोरून राखणे, ही दोन्ही कामे एका हाताने होत नाहीत. म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत आणि त्या एखाद्या शाळामास्तराने कराव्या इतक्या साध्या आहेत. सरकारच्या कोणत्याही खात्याला सॉफ्टवेअरमधले भगदाड सापडले तर ते बुजवण्यासाठी कळवणे कायद्याने सक्तीचे असावे. अमेरिकेने २०१७ मध्ये निदान कोणती चूक सांगावयाची आणि कोणती राखावयाची हे ठरवण्याची पद्धत छापून जाहीर केली. आपल्यापाशी तेवढा कागदही दिसत नाही. दुसरे, पाळतीचा हुकूम सचिवाने नव्हे, न्यायाधीशाने द्यावा. तिसरे, ज्याच्यावर पाळत ठेवली आणि काही निघाले नाही, त्याला ठराविक मुदतीनंतर तसे कळवावे. आणि चौथे, ज्या संगणकात परक्याचा वावर होता असे निघेल, त्यातल्या कागदाच्या जोरावर कोणालाही वर्षानुवर्षे डांबून ठेवू नये. तो कागद कोणी ठेवला हे आधी सरकारने सिद्ध करावे. गडलिंगांसाठी हा नियम हवा, ब्रह्मोसच्या अभियंत्यासाठीही हवा. ज्याला यांतल्या एकासाठीच तो हवासा वाटतो, त्याला न्याय नको आहे, आपला पक्ष हवा आहे.

परवा काकांनी मला पुन्हा गाठले. त्यांच्या नव्या फोनवर कोणत्या तरी नावाने निरोप आला होता की खाते बंद पडणार आहे, खाली बोट ठेवा. निरोपावर सरकारी चिन्ह होते. "गुरुजी, हे खरं सरकार हाये का चोर हाये, कसं वळखाचं?" त्यांनी विचारले. मी निरोप पाहिला आणि तो चोराचा आहे असे सांगून पुसून टाकला. काका निर्धास्त होऊन घंटा द्यावयास गेले. मी मात्र तेथेच उभा होतो. त्यांनी जे विचारले होते त्याचे खात्रीचे उत्तर देता यावे, एवढीच माझी सरकारकडे मागणी आहे.